डब्यातला विल्फमामा

विल्फमामाचे वरचे सगळे दात काढावे लागणार, असं दातांच्या डॉक्टरने सांगितलं तेव्हा एल्सीमामीने विचारलं, "मग हा रविवारचं मांस खाणार कसं?" आणि मामाने विचारलं, "मग मार्चच्या स्पर्धेचं काय?" डॉक्टर बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. दुखतंय का, हे कुणीच विचारलं नव्हतं.

मामा आमच्या थॉर्नक्लफ गावच्या ब्रास बँडमध्ये युफोनियम वाजवतो. युफोनियम म्हणजे मांडीवर गुटगुटीत पोर घेऊन बसावं तसं घेऊन बसायचं पितळी वाद्य. वरून फुंकायचं आणि आवाज येतो तो जाड, ऊबदार. पण फुंकणारे ओठ टेकलेले असतात दातांवर. दात गेले की सगळंच गेलं. नवी कवळी बसवायची तर हिरड्या भरून यायला दोन महिने, आणि स्पर्धा पाच आठवड्यांवर आलेली.

मामाची खरी भीती मात्र वेगळीच होती आणि ती सगळ्या गावाला माहीत होती. १९५१ साली युफोनियमच्या त्या खुर्चीवर अमॉस ग्रीनवुड बसायचे. त्यांचं अपेंडिक्स काढलं, म्हणून तीन आठवड्यांपुरता बदली वादक आणला. तो बदली वादक म्हणजे सतरा वर्षांचा विल्फमामा. अमॉस बरे होऊन आले तेव्हा "एवढी स्पर्धा होऊ दे पोराची" झालं, मग "एवढा नाताळ होऊ दे" झालं. आता १९८९ उजाडलं आणि मामा अजून तिथेच बसलेला आहे. अमॉस मरेपर्यंत आमच्या कार्यक्रमांना दारात तिकिटं फाडत होते. मामा त्यांच्या समोरून खाली मान घालून आत जायचा.

"बदली माणूस आणायचा नाही," मामा मला म्हणाला. "तीन आठवडे म्हणजे किती असतात ते मला विचार."

मी गेनर, त्याच्या बहिणीची मुलगी. दिवसा बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरते, मंगळवारी आणि गुरुवारी बँडमध्ये मागे उभी राहून झांजा आणि ढोल वाजवते, आणि शनिवारी दोन मैत्रिणींबरोबर क्लबमध्ये नाचायचं संगीत. त्या शनिवारच्या धंद्यासाठी मी एक सॅम्पलर घेतला होता. दिसायला तो पेटीसारखा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, पण स्वतःचा आवाज त्याला अजिबात नाही. माइकमधून त्याला काहीही ऐकवा, तो ते लक्षात ठेवतो आणि पट्टी दाबली की परत ऐकवतो. मी त्याला कारखान्याचा भोंगा ऐकवला होता, मामीचा कुकर ऐकवला होता, आणि माझ्या बाबांचं घोरणं. ते घोरणं खालच्या पट्टीत समुद्रासारखं वाटतं आणि वरच्या पट्टीत बदकासारखं. आमच्या नाचाच्या गाण्यांत लोकांना बदक जास्त आवडतं.

मामा आजवर त्या यंत्राला "तो डबा" म्हणायचा आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचा. त्या दिवशी मात्र टोपी हातात घेऊन आला.

"पोरी, तुझ्या डब्यात माणूस मावतो का?"

"किती जाड आहे त्यावर आहे."

"मी."

"मग दोन फ्लॉप्या लागतील."

तो हसला नाही. तेव्हा मला कळलं की हा खरंच घाबरलाय.

दात काढायच्या आदल्या दिवशी दुपारी मी यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पुढच्या खोलीत फक्त पाद्री आणि मयत यांनाच बसवतात. तिथे मी माइक लावला. यंत्राची आठवण तोकडी. एका सुराला फार तर दीड सेकंद मिळणार, आणि सूर लांबवायचा असेल तर यंत्र तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणार. मी म्हटलं, चार सूर घेऊ, मधले मी ताणून भागवते.

"म्हणजे?" मामा म्हणाला.

"म्हणजे एका सुरावरून त्याच्या शेजारचा बनवता येतो."

"शेजारच्याच्या तोंडावरून माझा फोटो काढशील का तू? अकराच्या अकरा घे."

स्पर्धेच्या तुकड्यात त्याचं एकट्याचं वाजवणं होतं, ते अकरा सुरांचं. दुखऱ्या दातांनी त्याने एकेक सूर सहा-सहा वेळा वाजवला. मध्येच मामी दार उघडून "चहा" म्हणाली, तो सूर फुकट गेला. मग दुसऱ्यांदा "अरे, चहा गार होतोय" म्हणाली, तोही गेला. शेवटी मी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि दाराला खुर्ची लावली. अकरावा सूर सगळ्यांत वरचा. तो वाजवल्यावर मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, दातांमुळे की कशामुळे ते मी विचारलं नाही. म्हणाला, "नीट ठेव हं त्याला. पुन्हा येईल की नाही माहीत नाही."

आता बँडमास्तरांना पटवायचं राहिलं. मिस्टर सग्डन धंद्याने खाटीक, बोलणं मोजकं आणि तेही वजन करून दिल्यासारखं. स्पर्धेच्या मंचावर विजेचं वाद्य चालत नाही असा नियम आहे. पण दुसऱ्या वादकाचं नाव नोंदवायची मुदत टळलेली होती आणि युफोनियम नसेल तर आमचा बँड खालच्या वर्गात जाणार हेही ठरलेलं. सग्डन यांनी यंत्रातला मामा ऐकला, मग खऱ्या मामाकडे पाहिलं. त्याचं तोंड एव्हाना बटव्यासारखं झालं होतं.

"आवाज विल्फचा," सग्डन म्हणाले. "खुर्ची विल्फची. फुगलेले गाल विल्फचे. मग वाजवतोय कोण? विल्फच. विजेचं काय त्यात?"

हे असं चालून गेलं त्याला कारण आमच्याकडची पद्धत. ब्रास बँडच्या स्पर्धेत परीक्षक बँड बघत नाही. सभागृहाच्या मधोमध कापडाची एक खोली उभारतात, त्यात त्याला सकाळी कोंडतात, बरोबर चहाचा थर्मास, सँडविच आणि, माफ करा, एक बादली. कुठल्या गावचा बँड कितवा येतोय हे त्याला माहीत नसतं. तो आतून शिट्टी मारतो, आपण वाजवतो, तो कानाने गुण देतो. ओळखीपाळखीला वाव नको म्हणून आमच्या पणजोबांनी ही सोय केली. पणजोबांच्या डोक्यात सॅम्पलर कुठून येणार?

स्पर्धेच्या दिवशी मामाच्या खुर्चीखाली स्पीकर ठेवला आणि त्यावर त्याचा ओव्हरकोट टाकला. तार गालिच्याखालून माझ्यापर्यंत आणली. सॅम्पलर ढोलामागच्या टेबलावर, वरून टेबलक्लॉथ, मामीच्या हातचा, कडेला बदकं विणलेला. मी कापडाखाली दोन्ही हात घालून उभी. समोरच्या रांगेतल्या एका बाईने मला विचारलं, "काय गं, पीठ मळतेस का?"

शिट्टी झाली. आम्ही सुरू केलं. मामाची पाळी आली तेव्हा त्याने युफोनियम तोंडाला लावलं, गाल फुगवले, बोटांनी कळा दाबल्या, आणि मी पट्ट्या दाबल्या. काय सांगू, मामाच्या आवाजाने सभागृह भरून गेलं. गेल्या दहा वर्षांत मामा इतका नीट वाजला नव्हता. एकही सूर घसरला नाही. घसरणार कसा? सहा-सहामधून निवडलेले होते.

शेवटचा, अकरावा सूर. तालमीत सग्डन हा सूर दोन मोजेपर्यंत धरायचे आणि पुढे जायचे, कारण तालमीच्या शेवटी त्यांना पबमध्ये पोचायचं असे. पण इथे सभागृह होतं, आवाज सुंदर होता, आणि खाटकालाही हृदय असतं. त्यांनी डोळे मिटले, हात वर धरला, आणि हात खाली येईना.

सूर चालला. दीड सेकंद झाला आणि यंत्राने तुकडा फिरवला.

"चिव," आवाज आला.

मॉरिस. मामाचा चिमणीएवढा हिरवा पोपट. तो पुढच्या खोलीतच असतो, पिंजऱ्यावर शाल टाकून. दिवसभर चिवचिवतो, म्हणून त्या घरात त्याचा आवाज आता कुणाला ऐकूच येत नाही. मामाला नाही, मामीला नाही, आणि लहानपणापासून तिथे जेवून वाढलेल्या मलाही नाही. रेकॉर्डिंग करताना मला नाही ऐकू आला, आणि नंतर दहा वेळा ऐकतानाही नाही. आता, चारशे परक्या माणसांसमोर, तो पहिल्यांदा ऐकू आला.

"चिव," पुन्हा दीड सेकंदाने. "चिव. चिव."

पट्टी सोडावी तर सूर तुटतो. धरावी तर मॉरिस. मी धरली. मामा तिकडे श्वास कोंडून गाल फुगवून बसला होता, कारण सूर चालू असताना श्वास घेताना दिसून चालणार नव्हतं, आणि सग्डन यांचे डोळे मिटलेलेच. मामा लाल झाला, मग जांभळा झाला. आठव्या "चिव"ला मागच्या रांगेतला कुणीतरी फुटला आणि सगळं सभागृह हसत सुटलं. सग्डन यांनी डोळे उघडले, हात खाली आणला, आणि मामाने घेतलेला श्वास तिकीटखिडकीपर्यंत ऐकू गेला.

आम्ही तिसरे आलो. खालच्या वर्गात जाणं टळलं. परीक्षकाच्या कागदावर लिहिलं होतं, "युफोनियम अप्रतिम, प्रत्येक सूर घडवलेला. पहाटेच्या पक्ष्यांची कल्पना धाडसी, पण मूळ रचनेत नाही, सबब एक गुण वजा." वर उत्कृष्ट वादकाचा छोटा चषक विल्फमामाला. तो घ्यायला मामा मंचावर गेला आणि ओठ घट्ट मिटून हसला. लोक म्हणाले, किती विनम्र माणूस.

इथपर्यंत गंमत होती. रडगाणं पुढे सुरू झालं.

एप्रिलमध्ये कवळी आली. पहिल्या मंगळवारी मामा चषक जिंकलेल्या माणसाच्या ऐटीत तालमीला आला, बसला, फुंकला. आधी नुसती वाफ निघाली. मग खडखडाट. मग एक सूर आला, तो आला तसा वाकडा होत गेला, आणि वरच्या सुराला गेल्यावर कवळी निसटून सुराच्या मागोमाग निघाली. युफोनियमच्या तोंडात अडकली म्हणून वाचली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

चहाच्या सुट्टीत ब्रायन क्रॅबट्री बोलला. ब्रायन आमचा पहिला कॉर्नेटवाला, कॉर्नेट म्हणजे आखूड तुतारी. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं, निदान त्याला तरी तसं वाटतं.

"मी काय म्हणतो, मिस्टर सग्डन, व्हिट फ्रायडेला डबाच नेऊ. वेळेवर येतो, वाद घालत नाही, सुट्टीत कुणाचा केक खात नाही."

"मी एकदाच खाल्ला होता," मामा म्हणाला. "आणि तो ठेवलेला होता."

"तो माझा होता, विल्फ."

"व्हिट फ्रायडेला चालत वाजवायचं असतं," मी म्हटलं. मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी आसपासच्या गावांतून सगळे बँड रस्त्याने वाजवत फिरतात, आणि परीक्षक कुठल्यातरी कॅरव्हॅनमध्ये पडदे ओढून बसलेला असतो. "डब्याला प्लग लागतो. सगळ्या गावातून वायर ओढत नेणार का तू?"

"एल्सीची बाजाराची हातगाडी आहे की. त्यात लॉरीची बॅटरी. तू मागून ढकलत ये."

"आणि मामा?"

ब्रायनने खांदे उडवले. तो वाईट माणूस नाही, पण त्याला तिसऱ्याचा पहिला क्रमांक करायचा होता. "विल्फ दारात उभा राहील," तो म्हणाला. "तिकिटांना माणूस लागतोच."

मामाने चहाचा कप खाली ठेवला. अमॉसचं नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"तीन आठवडे द्या मला," मामा म्हणाला. तीनच आठवडे, आणि तेही त्याच्या तोंडून.

तीन आठवडे त्याने घरी रियाज केला. मामी शेजारी राहायला गेली. मॉरिसची पिसं गळली. शेवटच्या गुरुवारी मी विचारलं, जमतंय का? मामा म्हणाला, "जमतंय." मी त्याची भाची आहे. मला कळलं.

तालमीला सग्डन म्हणाले, "आमच्या रीतीने करू. सगळे भिंतीकडे तोंड करून बसा. विल्फ एकदा वाजवील, डबा एकदा वाजेल, आधी कोण ते त्यांनीच ठरवायचं. ज्याला हात जास्त, तो व्हिट फ्रायडेला. एकदा ठरलं की पुन्हा कुरबुर नाही."

सग्डन यांच्यासकट सगळ्यांनी खुर्च्या फिरवल्या. बावीस पाठी आमच्याकडे. खोलीत आता बघणारे दोघंच होतो, मी आणि मामा. मामाने मला खूण केली, तू आधी. मी पट्ट्या दाबल्या आणि ओळी वाजवल्या, शेवटचा सूर मॉरिसची चिव यायच्या आत सोडला.

मग मामाची पाळी. त्याने युफोनियम तोंडाशी नेलं. खाली आणलं. पुन्हा नेलं. पुन्हा खाली आणलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि बोटाने यंत्र दाखवलं.

मी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

त्याने युफोनियम मांडीवर ठेवलं आणि हात जोडले. पंचावन्न वर्षांचा माणूस, मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेला. मी काय करणार होते? मी तेच अकरा सूर, तसेच, त्याच क्रमाने पुन्हा वाजवले.

खुर्च्या फिरल्या. मामाने युफोनियम घट्ट धरलं होतं आणि कान लालबुंद झाले होते. सगळ्यांना वाटलं, फुंकून झालेत.

"बोला," सग्डन म्हणाले.

ब्रायन उठला. "मी सांगतो. पहिला डबा होता, हे बहिऱ्यालाही कळेल. साफसूफ, पण मेलेला. दुसरा... माझ्याच बोलण्याविरुद्ध बोलतोय, पण दुसऱ्यात माणूस होता. तिसऱ्या सुरानंतर श्वास घेतला बघा, तो श्वास! आणि शेवटी किंचित काहीतरी थरथरलं. डब्याला थरथरता येत नाही."

"शेवटी तर मला रडूच आलं," बेसवाला म्हणाला.

"पहिल्याला आत्मा नव्हता," आणखी कुणी म्हणालं.

दुसऱ्याला बावीस हात. एकमताने. मी त्या बावीस हातांकडे पाहत राहिले. एवढी माणसं एकाच वेळी इतकी चुकीची आणि इतकी चांगली असलेली मी कधी पाहिली नव्हती.

मामा उभा राहिला. "ऐका," तो म्हणाला, "मला एक सांगायचंय. ते जे दुसरं होतं, ते..."

"विल्फ," सग्डन म्हणाले, "ठरलं म्हणजे ठरलं, कुरबुर नाही म्हटलं होतं मी. बस खाली आणि फुंक. गेनर, प्लग काढ. सुरुवातीपासून, सगळे."

मी प्लग काढला. आता मामाला डब्याची सोय नव्हती, बोलायची सोय नव्हती, उठून जायचीही नव्हती. तो त्याच्या खुर्चीवर बसला. आम्ही सुरू केलं, त्याची जागा आली, आणि त्याने फुंकलं.

भयंकर होतं. वाफ, खडखड, दोन सूर गायब, तिसरा शेजारच्या घरात, कवळी टकटकतेय, आणि वरचा सूर फाटून दोन सूर झाला. पण मामा थांबला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो फुंकत होता, अकराच्या अकरा.

तुकडा संपला. मी ब्रायनकडे पाहिलं, आता हा काय बोलतो?

ब्रायन कॉर्नेट मांडीवर ठेवून खुर्चीतच मागे वळला, अभिमानाने.

"बघ," तो मला म्हणाला, "हे जमेल का तुझ्या डब्याला?"